खजुराचा बहार : वाळवंटी फळशेतीचा आरंभ आणि दख्खनचा अवर्षण-प्रदेश

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात मंचरच्या जवळ अवसरी बुद्रुक हे गाव आहे. तालुक्याच्या पश्चिम टोकास भीमाशंकरचे डोंगर असून तेथे पावसाळ्यात अहोरात्र धार लागते. तेथून पूर्वेकडे यावे तसतसा पाऊस झपाट्याने उणावतो, भात मागे पडतो आणि बाजरी-ज्वारीचा मुलूख सुरू होतो. या मुलुखात ओढ्याच्या काठी आपोआप उगवणारे एक झाड सर्वांच्या परिचयाचे आहे. ते म्हणजे शिंदी. तिच्या पानांच्या केरसुण्या व चटया होतात, खोडातून रस काढतात, आणि तिची लहान, गर कमी व आठळी मोठी अशी फळे गुरे राखणारी मुले वेचून खातात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने शिंदी ही खजुरीची सख्खी बहीण होय. परंतु ज्या घराच्या मागील ओढ्यावर ही बहीण उभी आहे, त्या घरात खारीक मात्र समुद्रापलीकडून येते. नवऱ्या मुलीची ओटी खारकेवाचून भरत नाही. तान्ह्या मुलाच्या बाळगुटीत ती उगाळली जाते. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत तिची पूड पडते. जे फळ आपल्या संस्कारांत इतके मुरले आहे, ते या भूमीत शेतीचे पीक म्हणून कधीच रुजले नाही.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. दख्खनचा पूर्व भाग दुष्काळी म्हणून शतकानुशतके प्रसिद्ध आहे, आणि खजूर हे तर वाळवंटाचे झाड. तेव्हा कोरड्या मुलुखाला कोरड्या मुलुखाचे झाड द्यावे, ही कल्पना कोणासही सुचावी. ती सुचलीही होती. तिचे काय झाले, आणि त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस एका खऱ्या वाळवंटात खजुराची व्यापारी शेती शून्यातून कशी उभी राहिली, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्यास ‘अवर्षण’ या आपल्या नित्याच्या शब्दाविषयीच काही फेरविचार करावा लागतो. प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन एवढेच आहे.

इ. स. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने पुणे, सोलापूर, अहमदनगर, सातारा हे जिल्हे उद्ध्वस्त केले. त्यानंतर दुष्काळ-आयोगाचा १८८० चा अहवाल आला, आणि दुष्काळावरील उपायांची चर्चा सरकारी वर्तुळात काही वर्षे चालू राहिली. कालवे, रेल्वे, तगाई यांच्याबरोबरच नव्या पिकांचीही नावे त्या चर्चेत येत. त्याच दशकात, १८८५ मध्ये, लखनौच्या बागेशी दीर्घकाळ संबंध असलेले सरकारी वैद्यकीय खात्यातील डॉक्टर इमॅन्युएल बोनाव्हिया यांनी हिंदुस्थानातील खजुरीच्या भवितव्यावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. जो वृक्ष अरबस्तानात माणसांना पोसतो तो येथील कोरड्या प्रांतांत दुष्काळाच्या वेळी अन्नाचा साठा का होऊ नये, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. बोनाव्हिया हे नुसते स्वप्नाळू गृहस्थ नव्हते. लिंबूवर्गीय फळांवरील त्यांचे काम आजही अभ्यासक उल्लेखितात. तथापि त्यांच्या विचारात एक गृहीत धरलेली गोष्ट होती, ती अशी की, कोरडेपणा हा सर्वत्र एकाच जातीचा असतो.

खजुरीविषयी अरबांत एक म्हण आहे : तिचे पाय पाण्यात आणि डोके आगीत असावे. ही म्हण काव्य म्हणून सोडून देण्यासारखी नाही. तीत या झाडाचे संपूर्ण कृषिशास्त्र आले आहे. खजुरी पाण्यावाचून मरत नाही हे खरे; परंतु न मरणे वेगळे आणि फळ देणे वेगळे. भरघोस फळ द्यावयाचे तर तिच्या मुळांना बारमाही पाणी लागते, आणि वाळवंटातील उन्हात हे पाणी वर्षाकाठी दोन मीटर उंचीच्या थराइतके, किंबहुना अधिक भरते. उलट फळ पिकण्याच्या महिन्यांत हवा मात्र कडक कोरडी हवी. फळ रंगावर आल्यापासून पिकून सुकेपर्यंत पाऊस किंवा दमट हवा लागली की ते तडकते, आंबते, काळे पडते. म्हणजे जमिनीत सदैव ओल आणि आकाशात सदैव शोष, अशी ही दुहेरी अट आहे. आता दख्खनचा विचार करा. येथे फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत जमीन कोरडी ठणठणीत असते, विहिरी तळाला जातात. आणि नेमके खजुराचे फळ रंगावर येऊन पिकावयाच्या वेळी, म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आकाश भरून येते. थोडक्यात, येथे झाडाचे पाय आगीत आणि डोके पाण्यात. वर्षाच्या एकूण पावसाचा आकडा पाहून हा फरक कळत नाही. पावसाचे पंचांग पाहिल्यावाचून तो दिसत नाही.

हे पंचांग प्रथम कोणी काळजीपूर्वक वाचले? खजूर पिकविणाऱ्या प्राचीन जनांनी ते अर्थातच अनुभवाने वाचले होते. परंतु आधुनिक व्यापारी शेतीच्या इतिहासात त्याचा आरंभ अल्जीरियाच्या सहारा-प्रदेशात झालेला दिसतो. तेथील वेद रीर नावाच्या खोऱ्यात फ्रेंचांनी १८५६ पासून यंत्राने खोल छिद्रे पाडून आर्टेशियन विहिरी, म्हणजे भूगर्भातील दाबाने पाणी आपोआप वर फेकणाऱ्या विहिरी, खोदावयास सुरुवात केली. तेथील लोक अशा विहिरी पूर्वीपासून हातांनी खणत, आणि ते काम जिवावरचे असे. नव्या विहिरींच्या आधारे पुढील दशकांत फ्रेंच भांडवलाच्या कंपन्यांनी बागा लावल्या, आणि ‘देगलेत नूर’ या सोनेरी, अर्धपारदर्शक, टिकाऊ जातीचा खजूर मार्सेयच्या बाजारात जाऊ लागला. एका जातीच्या झाडांची रांगेत लागवड, दूरच्या बाजाराकरिता एकसारखा माल, आणि खोल विहिरीत गुंतविलेले भांडवल ही व्यापारी खजूरशेतीची तीनही लक्षणे येथे प्रथम एकत्र आली.

अमेरिकेतील हकीकत याच धाग्याला जोडलेली आहे. कॅलिफोर्नियात स्पॅनिश धर्मप्रसारकांनी अठराव्या शतकातच आपल्या मठांजवळ खजुराच्या आठळ्या पेरल्या होत्या. झाडे वाढली, पण समुद्रकाठच्या थंड हवेत फळ पिकेना. आठळीपासून केलेल्या लागवडीत आणखी एक मोठी अडचण आहे : निम्मी झाडे नर निघतात, आणि जी मादी निघतात त्यांचे फळ आईसारखे निघेलच असे नाही. आंब्याच्या कोयीविषयी आपल्याकडे जो अनुभव आहे तोच येथे अधिक तीव्रतेने येतो. म्हणून जातिवंत खजूर हवा तर झाडाच्या बुंध्याशी येणारे फुटवे कापून लावावे लागतात. अमेरिकेच्या शेतकी खात्याने १८९० च्या सुमारास परदेशांतून काही रोपे मागविली. परंतु ती नामांकित जातींची नव्हती, आणि ते वाट पाहणे फुकट गेले. खजुरीच्या बाबतीत वाट पाहणे म्हणजे पाचसहा वर्षे, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

१८९८ मध्ये डेव्हिड फेअरचाइल्ड यांच्या देखरेखीखाली त्या खात्यात परदेशी बियाणे व वनस्पती आणण्याचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि वॉल्टर स्विंगल हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ अल्जीरियास गेला. १९०० मध्ये त्याने पाठविलेले फुटवे अॅरिझोनातील टेम्पी येथे लागले. त्यांत देगलेत नूरही होती. येथपर्यंतची कथा पुष्कळदा साहसकथा म्हणून सांगितली जाते. आमच्या मते स्विंगलचे खरे काम जहाजाच्या धक्क्यावर झाले नाही. ते आकड्यांच्या तक्त्यांत झाले. १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तिकेत त्याने सहारातील ठाण्यांची व अमेरिकेच्या नैऋत्य भागातील ठाण्यांची हवामान-नोंद समोरासमोर ठेवली. अठरा अंश सेंटिग्रेडच्या वर किती उष्णता, किती दिवस, फुलोऱ्यापासून फळ पिकेपर्यंत किती साठते याची बेरीज त्याने केली, आणि पिकण्याच्या महिन्यांतील पाऊस व दमटपणा तपासला. देगलेत नूर ही फार उशिरा पिकणारी जात आहे. तिला टेम्पीची उष्णता पुरेशी पडत नव्हती. जी पुरेशी पडेल ती जागा त्याच्या मते दक्षिण कॅलिफोर्नियाच्या खोलगट भागात, समुद्रसपाटीच्याही खाली गेलेल्या कोचेला खोऱ्यात होती. तेथील इंडिओ गावी वर्षाचा पाऊस दहा सेंटिमीटरही भरत नाही.

निष्कर्ष बरोबर ठरला. १९०३ च्या सुमारास बर्नार्ड जॉन्सन या जर्मन वंशाच्या गृहस्थाने तेथे देगलेत नूरचे फुटवे खाजगी रीतीने लावले. १९०४ मध्ये सरकारी प्रयोग-बाग मेक्का या ठिकाणी, आणि १९०७ मध्ये इंडिओ येथे सुरू झाली. मेक्का हे नाव नवेच होते; पूर्वी त्या रेल्वे स्थानकास वॉल्टर्स म्हणत. फळाबरोबर अरबस्तानाचे वेषांतरही त्या खोऱ्याने घेतले, आणि पुढे तर तेथे खजुराच्या उत्सवात उंटांच्या शर्यती होऊ लागल्या. जाहिरातीची ही हौस हसण्यावारी नेण्याजोगी असली, तरी तिच्यामागे एक व्यापारी हिशेब होता. अमेरिकन गिऱ्हाइकाला बसरा-मस्कतहून पेट्यांत दाबून आलेला स्वस्त खजूर ठाऊक होता. तेथील बागाइतदारांना आपला माल त्याहून महाग विकावयाचा होता.

अडचण फुटव्यांची होती. खजुरीचे झाड आपल्या आयुष्यातील पहिल्या दहापंधरा वर्षांतच फुटवे देते, तेही मोजके. प्रत्येक फुटवा तीनचार वर्षांचा होईपर्यंत आईपासून तोडता येत नाही, आणि तोडताना जाणत्या हाताने पहारेने घाव घालावा लागतो. द्राक्षाच्या वेलीचे तुकडे करून एका हंगामात मळा उभा करता येतो, तसे येथे नाही. म्हणून बागा वाढवावयाच्या तर फुटवे शेकड्यांनी पुरत नाहीत, हजारांनी आणावे लागतात. हे काम पॉल व विल्सन पॉपेनो या दोघा भावांनी केले. त्यांच्या वडिलांची अल्टाडेना येथे रोपवाटिका होती. पॉल पॉपेनोने १९१२-१३ मध्ये बसऱ्याहून व अल्जीरियाहून सुमारे सोळा हजार फुटवे जहाजांत भरून आणले, आणि १९१३ मध्ये जुन्या व नव्या जगातील खजूरशेतीवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. हाच गृहस्थ पुढे सुप्रजननाच्या कुप्रसिद्ध चळवळीचा प्रचारक झाला. झाडांच्या वंशावळीत निवड करण्याची सवय माणसांवर लादण्याचा तो मोह होता, असे वाटल्यावाचून राहत नाही. परंतु तो वेगळा विषय आहे.

येथे इतिहासकाराने थोडे थांबले पाहिजे. हे सोळा हजार फुटवे म्हणजे सोळा हजार झाडे नव्हेत. ते बसऱ्याच्या व बिस्क्राच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचे फळ होय. हलावी, खद्रावी, झाहिदी, देगलेत नूर या प्रत्येक नावामागे कोणीतरी कधीतरी आठळीपासून उगवलेल्या हजारो झाडांतून एकच झाड हेरले, त्याचे फुटवे जपले, शेजाऱ्यास दिले. त्या निवडणाऱ्याचे नाव कोणत्याही नोंदीत नाही. नराच्या फुलोऱ्याच्या काड्या मादीच्या फुलोऱ्यात खोवून हाताने परागण करण्याची विद्याही त्यांचीच. मेसोपोटेमियाच्या शिल्पांइतकी ती जुनी आहे, आणि तिच्या बळावर पन्नास मादी झाडांमागे एक नर पुरतो. अमेरिकन खात्याच्या अहवालांत ‘प्रवेश’ हा शब्द येतो. वस्तुतः ही उसनवारी होती, आणि ती परत करण्याचा प्रश्न कोणी काढला नाही.

एका प्रसंगी मात्र उसने नेलेले धन वाचले असे म्हणता येईल. मोरोक्कोत ‘बायूद’ नावाच्या मुळांच्या रोगाने खजुरीच्या बागाच्या बागा वाळत होत्या. १९२७ मध्ये स्विंगलने तेथील बूदनिब या ओअॅसिसमधून मेदजूल जातीचे अकरा फुटवे नेले. रोग बरोबर येऊ नये म्हणून ते नेवाडा राज्यात, जेथे दुसरी खजुरी नव्हती, अशा ठिकाणी कित्येक वर्षे वेगळे ठेवण्यात आले. त्यांतील नऊ जगले, आणि १९३६ मध्ये ते व त्यांची संतती इंडिओस आली. आज अमेरिकेतील मेदजूलच्या बागा मुख्यतः त्या नऊ झाडांपासून वाढलेल्या आहेत.

कोचेलाच्या यशाची दुसरी बाजू पाण्याची आहे. त्या खोऱ्यात कावीया हे मूळचे लोक राहत आणि वाळूत उतरत्या वाटेच्या विहिरी खणून पाण्यापर्यंत जात; आपल्याकडील बारवेत पायऱ्या उतरून जावे, तसाच तो प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे कंपनीने आर्टेशियन विहिरी पाडल्या, आणि त्यांच्या पाण्यावर नवी शेती सुरू झाली. विहिरींची संख्या वाढली तसा भूगर्भातील दाब उतरला. आपोआप उसळणारे पाणी पंपाने ओढावे लागले. १९१८ मध्ये पाण्याच्या व्यवस्थेसाठी स्वतंत्र मंडळ नेमावे लागले, आणि अखेर कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणण्याचे काम १९४८-४९ मध्ये पुरे झाले. त्याच नदीने १९०५ ते १९०७ या काळात बंध फोडून साल्टन समुद्र निर्माण केला होता, आणि त्याखाली मूळ रहिवाशांच्या राखीव जमिनीचा मोठा भाग बुडाला. डिंभे धरणाचा कालवा ज्यांच्या शिवारातून गेला आणि ज्यांचे गाव त्या धरणाखाली गेले, हे दोघे वेगळे लोक असतात, हे आंबेगाव तालुक्यातील वाचकास निराळे सांगावयास नको.

आणि पाऊस? एवढ्या निवडीनंतरही तो पूर्णपणे चुकला नाही. सप्टेंबरात एखाद-दुसरी सर येई आणि घडचे घड आंबून जात. १९२० नंतरच्या दशकात बागाइतदारांनी घडांवर कागदी टोप्या बांधण्याचा मार्ग काढला. फुटव्यांबरोबर आलेल्या खवले-किडीचा नायनाट करण्यास तर झाडांची पाने छाटून बुंधे आगीच्या ज्वालेने भाजण्यापर्यंत मजल गेली. ही मोहीम १९३६ मध्ये संपली. या सर्व कामांसाठी, म्हणजे परागण, विरळणी, घड बांधणे, टोपी घालणे, तोडणी यांसाठी, प्रत्येक झाडावर वर्षातून दहापंधरा वेळा चढावे लागते, आणि झाड दरवर्षी उंच होते. चढणारे हात बहुतांशी मेक्सिकन मजुरांचे होते. १९२४ पासून तेथील बागाइतदारांची वार्षिक परिषद भरू लागली, आणि तिचे अहवाल हे या शेतीचे उत्कृष्ट साधन आहे. मात्र त्यांत किडीविषयी जितके मिळते तितके झाडावर चढणाऱ्याविषयी मिळत नाही.

अमेरिकन खजुराच्या उदयाचा धक्का ज्यांना बसला, ते ओमानच्या किनाऱ्यावरचे लोक होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मस्कतहून ‘फर्द’ जातीचा खजूर न्यूयॉर्कला जात असे, आणि त्या व्यापारात कच्छच्या भाटिया पेढ्यांचा मोठा वाटा होता. ही मागणी भागविण्यासाठी बातिना किनाऱ्यावर बागा वाढल्या. तेथील पाणी काढण्याची रीत वाचून दख्खनच्या वाचकाला ओळखीचे वाटेल : विहिरीवर लाकडी चाक, चामड्याची मोट, आणि उतरणीवरून खाली-वर जाणारा बैल. तिला जाजरा म्हणत. अवसरीच्या विहिरीवर मोट हाकणारा कुणबी भल्या पहाटे जी मेहनत करी, तीच बातिनात होती. फरक एवढाच की, तेथे मोटेमागे पुष्कळदा पूर्व आफ्रिकेतून धरून आणलेला गुलाम असे. मस्कत व शारजा येथील ब्रिटिश कचेऱ्यांत मुक्ततेचा दाखला मागण्यास आलेल्या गुलामांच्या जबान्या शिल्लक आहेत, आणि मॅथ्यू हॉपर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांच्या आधारे हा संबंध दाखवून दिला आहे. ज्या काळात पाश्चात्त्य राष्ट्रे गुलामगिरी नष्ट केल्याचे श्रेय घेत होती, त्याच काळात त्यांच्या बाजारातील मागणीने अरबस्तानात ती वाढविली. पुढे कॅलिफोर्नियाचा माल बाजारात आला, त्यातच जागतिक मंदी ओढवली, आणि ओमानचा अमेरिकेशी असलेला हा व्यापार बसला. गुलामगिरी तेथे कायद्याने बंद झाली ती १९७० मध्ये.

मुंबईच्या मांडवीकडील पेठेत उतरणारी खारीक याच किनाऱ्यावरून येत असे. ओमानमध्ये ‘मबसली’ नावाची एक जात आहे. तिची पिवळी, कच्चट फळे मोठ्या कढयांत उकळून उन्हात वाळवितात, आणि हा माल प्रामुख्याने हिंदुस्थानसाठीच तयार होई. आपल्या ओटीतील खारकेची मोट कोणी ओढली, हा प्रश्न त्यामुळे आपल्या घरापर्यंत येतो.

दख्खनच्या शेतकऱ्याने खजुरीची बाग पाहिलीच नव्हती असेही नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी सैन्य बसऱ्यास उतरले, त्यांत ११७ वी मराठा पलटण होती. पुढे आणखी मराठा पलटणी त्या आघाडीवर गेल्या. शत्‌-अल्‌-अरबच्या दोन्ही काठांवर मैलोन्‌मैल खजुरी पसरलेली होती. तेथे मोटही लागत नाही. समुद्राची भरती नदीच्या गोड्या पाण्यास मागे रेटते, आणि ते दिवसातून दोनदा चरांतून बागांत शिरते. जिरायतीतून उठून आलेल्या शिपायास ते दृश्य कसे वाटले असेल याची कल्पनाच करावी.

आता हिंदुस्थानातील ज्या भागात खजूर खरोखरच पिकतो, त्याकडे वळू. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, आणि त्याला लागून असलेल्या खैरपूर संस्थानात खजुरीच्या प्रचंड बागा होत्या. पंजाबात लायलपूर येथे परदेशी जातींचे प्रयोग झाले, आणि तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ मिल्न यांचा पंजाबातील खजुरीवरील ग्रंथ १९१८ मध्ये निघाला. या सर्व प्रदेशांत पाऊस थोडा, पण तो येतो मात्र जुलै-ऑगस्टमध्ये, फळ पिकण्याच्या ऐन वेळी. त्यावर खैरपूरच्या शेतकऱ्याने शोधलेला उपाय मोठा मार्मिक आहे. तो फळ पिकू देतच नाही. ‘असील’ जातीचे फळ पिवळे झाले की पावसाच्या आधी उतरवून उकळावयाचे, आणि त्याची खारीक करावयाची. कच्छमध्ये मुंद्रा भागातील शेतकरी वेगळी युक्ती करतो : तेथे पाऊस उशिरा येतो, म्हणून तो जून-जुलैत लाल-पिवळे, करकरीत फळ तसेच ताजे विकून टाकतो. म्हणजे ज्या खारकेला आपण खजुराचे निव्वळ वाळविलेले रूप समजतो, ती सिंधच्या बाबतीत तरी पावसाशी केलेली तडजोड आहे. खजुरीचे पंचांग बदलता येत नाही. म्हणून तोडणीचा दिवस अलीकडे ओढला.

आमच्या मते दख्खनच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते, आणि ते ‘शेतकरी मागासलेला’ या वसाहतकालीन उत्तराहून फार निराळे आहे. दख्खनच्या फळबागाइतदाराची सर्वांत मोठी विद्या कोणती म्हणाल तर बहार धरण्याची. डाळिंबास पाण्याचा ताण द्यावयाचा, पाने गळू द्यावयाची, मग पाणी व खत देऊन फुलोरा आणावयाचा, आणि हे आंबे बहारात करावयाचे, मृगात की हस्तात, हे विहिरीचे पाणी व बाजारभाव पाहून ठरवावयाचे. याचा अर्थ असा की, येथील शेतकरी झाडाचे पंचांग आपल्या पावसाच्या पंचांगाशी जुळवून घेतो. जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या परिसरात द्राक्षांचा जो मोठा व्यवसाय उभा राहिला, त्याचेही रहस्य हेच. वेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करावयाची, पावसाळा पानांवर काढावयाचा, आणि ऑक्टोबरात फळछाटणी करून घड फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत आणावयाचे. वेलीच्या मायदेशी अशी दुहेरी छाटणी नाही. तेथे हिवाळा तिला झोपवितो आणि उन्हाळा पिकवितो. येथे हिवाळ्याचे काम कात्रीने केले. योगायोग असा की, १९६० नंतर येथे पसरलेली थॉम्पसन सीडलेस ही बिनबियांची जात याच नावाने कॅलिफोर्नियातूनच प्रसिद्ध झालेली आहे. कॅलिफोर्नियाची वेल आली, रुजली, तिने जुन्नरची अर्थव्यवस्था बदलली. कॅलिफोर्नियाची खजुरी मात्र आली नाही.

कारण खजुरीला कात्री लावता येत नाही. तिला एकच वाढता कोंब असतो. तो छाटला की झाड मेले. पाणी तोडून तिला ताण दिला तर फळ बारीक होते, फुलोऱ्याचा महिना बदलत नाही. ती हिवाळ्याच्या अखेरीस फुलते आणि पावसाळ्यात पिकते. कोणताही बहार तिला धरता येत नाही. दख्खनच्या शेतकऱ्याजवळ जी विद्या होती ती या झाडावर चालत नव्हती, आणि या झाडाला जी हवा हवी होती ती दख्खनजवळ नव्हती. बोनाव्हियांच्या योजनेचा येथे पराभव झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल; ती या मुलुखाच्या दारापर्यंत कधी आलीच नाही, आणि आली असती तरी मृगाच्या पहिल्या सरीने तिचा निकाल लावला असता.

शिंदी मात्र टिकून राहिली, कारण तिच्याकडून कोणी फळाची अपेक्षा केली नाही. तिला बुंध्याशी फुटवे येत नाहीत, ती केवळ बियांनी पसरते. त्यामुळे कोणी गोड फळाचे झाड हेरले असते, तरी त्याची जात राखण्याचा खजुरीचा मार्ग तिच्या बाबतीत बंदच होता. तिचा उपयोग रसाचा. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने रस काढण्यासाठी परवाना व झाडावर कर आवश्यक केला, आणि ओढ्याकाठचे बेवारशी झाड सरकारी उत्पन्नाच्या नोंदीत आले. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आल्यावर त्या रसाचे अधिकृत रूप नीरा एवढेच उरले. केरसुण्या बांधणाऱ्यांना या घडामोडींशी कर्तव्य नव्हते. त्यांना पाने लागत.

गेल्या काही दशकांत ऊतिसंवर्धनाच्या पद्धतीने प्रयोगशाळेत जातिवंत खजुरीची रोपे हव्या तितक्या संख्येने होऊ लागली आहेत, आणि फुटव्यांची जुनी अडचण उरलेली नाही. कच्छ व राजस्थान येथे अशा बागा वाढल्या. महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या जिल्ह्यांतही काही शेतकऱ्यांनी त्या लावल्या आहेत. बहुतेकांनी निवडलेली जात ‘बरही’ ही मूळची बसऱ्याची होय. तिचे फळ पिवळे व करकरीत असतानाच गोड लागते, तुरट लागत नाही, म्हणून ते पिकण्याची वाट न पाहता उतरविता येते. तरीही जून उजाडला की हे शेतकरी घडांवर पिशव्या बांधतात, आणि मृग किती दिवस लांबतो याकडे डोळे लावून बसतात. शेजारच्या बांधावर बाजरीच्या पेरणीसाठी तयार बसलेला माणूस तो लवकर यावा म्हणून आकाशाकडे पाहत असतो.